नाशिकमध्ये आयटी कन्सल्टन्सी: ऑफिस कुठे घेऊ? भाडं ८ हजारांच्या आत

म्हसरूळवाला: नमस्कार मंडळी. पुण्यातली नोकरी सोडून घरी परत आलोय. ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवणं, नेटवर्क, बॅकअप ही माझी कामं. लहान कारखाने आणि द्राक्षांची पॅकहाउसं (जिथे माल निवडून पेट्यांत भरतात) गाठायचा विचार आहे. बसायला एक खोली हवी. भाडं ८ हजारांच्या वर झेपणार नाही.

कॉलेजरोडकर: कॉलेज रोडच घ्या. मी २२ हजार भरतो, पण पाटी दिसते आणि ऑफिस बघून माणूस दरावर घासाघीस करत नाही. ८ हजारांत काही बघूच नका.

अंबड गाळा: कॉलेज रोडला गाडी लावायची कुठे? कारखानदार तिकडे फिरकत नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत या, नाहीतर पाथर्डी फाट्याला. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जात राहा. माझी सुरुवातीची कामं तिथल्या ओळखीतूनच आली.

कॉलेजरोडकर: आमच्या बिल्डिंगला बेसमेंट पार्किंग आहे. न बघता बोलू नका.

इंदिरानगर ताई: दादा, ऑफिसचं नंतर बघा, आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा. फुकट आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, असा लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. सातपूरच्या एका कंपनीने माझं बिल वर्षभर अडकवलं होतं. तेव्हा माझी नोंदणी नव्हती. अजून चीड येते.

अंबड गाळा: आणि जीएसटी पहिल्या दिवसापासून घ्या. नंबर नसला की मोठी कंपनी दारात उभं करत नाही.

टॅलीवाले काका: उगाच घाबरवू नका त्यांना. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. रिटर्नं कोण भरत बसणार? आयकरात व्यावसायिकांसाठी अंदाजे नफा दाखवायची सोय आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४ एडीए), ती बघा. जमा रकमेच्या निम्मा नफा दाखवला की हिशोबाची वह्या-पुस्तकं ठेवायची सक्ती नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख, त्यात रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. सीएला विचारूनच करा.

अंबड गाळा: काका, आपल्या बिलावरच्या जीएसटीची समोरच्याला त्याच्या करात वजावट (क्रेडिट) मिळते म्हणून तोच नंबर मागतो. माझा अनुभव आहे.

सिडको नेटवर्क: काम काय करणार आणि काय नाही, हे आधी कागदावर लिहा. सल्ल्याचे पैसे ठरवून गेलो की मालक म्हणतो, जाता जाता प्रिंटर बघा, सीसीटीव्ही बघा. दिवस त्यातच जातो. महिन्याला किती तास, हाक मारली की किती वेळात येणार आणि वरच्या तासाचा दर, सगळं सहीनिशी घ्या. बॅकअपच्या तीन प्रती, त्यातली एक कारखान्याबाहेर. आणि बॅकअपमधून माहिती परत आणून (रिस्टोर करून) दाखवा, तेव्हाच मालकाचा विश्वास बसतो.

इंदिरानगर ताई: लेखी करार हवाच. मी तेच म्हणतेय.

कॉलेजरोडकर: पॅकहाउसच्या नादी लागू नका. एप्रिलनंतर सीझन संपला की फोन उचलत नाहीत.

म्हसरूळवाला: सगळ्यांचे आभार. दिंडोरी रोडला घराजवळ खोली घेतली, ५,५०० भाडं. अंबड लांब पडेल, मान्य आहे. पण युरोपला द्राक्ष पाठवायचं तर ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर बागेपासून पेटीपर्यंतची नोंद लागते. दिंडोरी पट्ट्यात मी पाहिलेल्या पॅकहाउसमध्ये ती अजून वहीतून रात्री बसून उतरवतात. ते काम मला मनापासून करायचंय. सीझनआधी निम्मे पैसे आगाऊ, असा करार केलाय. उद्यम नोंदणी आज झाली. जीएसटी सध्या नाही.

अंबड गाळा: जीएसटी घ्या हो.