लाल म्हणजे लांबी : पार्टचे अक्ष हाताने लावायचे की सॉफ्टवेअरवर सोडायचे?

रंधा_आणि_माउस (धागालेखक)

स्केचअपमध्ये (थ्रीडी रेखाटनाचं सॉफ्टवेअर) फर्निचर काढून ओपनकटलिस्ट या त्याच्या जोड-सॉफ्टवेअरने कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची मापं, काढणाऱ्यांशी जरा भांडायचं आहे. माझं म्हणणं असं, की प्रत्येक पार्टचा कंपोनंट (स्वतंत्र सुटा घटक) करतानाच त्याचे अक्ष, म्हणजे मापाच्या तीन रंगीत दिशा, हाताने लावा. लाल लांबीकडे, हिरवा रुंदीकडे, निळा जाडीकडे. आणि लांबी म्हणजे सगळ्यात मोठं माप नव्हे. ग्रेन, म्हणजे लाकडाच्या रेषा, ज्या दिशेला धावते ती लांबी. लाल म्हणजे लांबी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. (हिरव्या-निळ्याला यमक जुळत नाही, क्षमस्व.)

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका किचनमध्ये सागाच्या व्हिनियरचे (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) तीन ड्रॉवर होते, एकावर एक. फ्रंटची रुंदी ८९७ मिमी, उंची १३७, २७७ आणि २७७. गिऱ्हाइकाला ग्रेन उभी हवी होती, खालच्या फ्रंटपासून वरच्यापर्यंत सलग. लिस्ट काढताना पार्ट आपोआप वळवण्याचा पर्याय चालू राहिला. त्याने मोठं माप, म्हणजे ८९७, लांबी धरलं. आठ बाय चारच्या शीटवर ग्रेन आठ फुटाकडे, त्यामुळे तिन्ही फ्रंट आडव्या ग्रेनचे कापून आले. जोडणी सुरू होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, साग आडवा झोपलाय." शीटचे पैसे माझ्या खिशातून गेले.

सहा_सूत

वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. वॉर्डरोबला साठेक पार्ट असतात. साठ वेळा अक्ष फिरवत बसलो तर कोटेशन दिवाळीनंतर जाईल. मुळात उभं पॅनेल उभंच काढलं, तर त्याची ७२० उंची निळ्या अक्षावर येते. आपोआप वळवणं बंद असेल तर लिस्ट म्हणते, जाडी ७२०! मग ते निस्तरा. त्यापेक्षा पर्याय चालू ठेवा, मापं तोच लावून घेतो.

दुसरं, कॅरकस (कपाटाचा आतला सांगाडा) साध्या प्लायचं असतं, आतून पांढरा लॅमिनेट. तिथे ग्रेन बघायला कोण येतंय? मटेरियलला 'ग्रेन नाही' म्हणून सांगा, म्हणजे पार्ट आडवा-उभा कसाही बसतो आणि शीट वाचते. तुमचे तीन फ्रंटच बघा. उभ्या ग्रेनने लावले की ८९७ चार फुटाच्या बाजूला जातं, १२२० मधून सव्वातीनशेची पट्टी उरते. दिसणाऱ्या भागाला तो खर्च ठीक आहे, पण आतल्या कप्प्यांना का? दिसणारे आठ-दहा पार्ट असतील, तेवढ्यांचीच दिशा लॉक करा. तुमची चूक अक्षांची नव्हती, एका टिकची होती.

रंधा_आणि_माउस

ती एक टिक रात्री साडेअकराला आठवत नाही, म्हणून तर म्हणतोय की काढतानाच लावा.

ओसरीतली_सुतारीण

तुम्ही दोघेही चौकोनी डबे बनवता म्हणून हे भांडण जमतंय. माझ्या स्टुलाच्या पायाचं बघा. पाय ४५० लांब, ४० बाय ४०, आणि १० अंश बाहेर फाकलेला. मी तो जागेवरच तिरका काढला आणि तसाच कंपोनंट केला. अक्ष राहिले मॉडेलचे. लिस्टमध्ये आलं : ४५० × ११७.५ × ४०.

कारण माप पायाचं नसतं, त्या अक्षांना समांतर असलेल्या खोक्याचं असतं. तिरक्या पायाभोवती सरळ खोकं काढलं की ते रुंद होणारच. त्यात गंमत अशी की लांबी जवळजवळ बरोबर आली (४५०.१), त्यामुळे नजर पुढे सरकली आणि मी पायांसाठी पाच इंची फळी मागवून बसले. आपोआप वळवण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. तो तीन आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावतो. आकडेच चुकीचे असतील तर चुकीचेच नीट ओळीत लावून देतो.

सहा_सूत

हे मान्य, ताई. पण त्यावर सोपा उपाय आहे. पाय सरळ काढा, कंपोनंट करा, मग फिरवा. अक्ष पायाबरोबर फिरतात. अक्षांना हात लावायची गरजच नाही.

ओसरीतली_सुतारीण

दादा, सरळ काढून मग फिरवणं म्हणजे अक्ष लावणंच झालं की. तुम्ही फक्त नाव घेत नाही आहात, सासऱ्यांचं नाव घेतल्यासारखं.

मॉड्यूलर_मनुष्य

मला 'सगळीकडे लाल म्हणजे लांबी' या हट्टाचीच भीती वाटते. आमच्याकडे डायनॅमिक कंपोनंटची लायब्ररी आहे. उंची टाकली की कपाट वाढतं. साइड पॅनेलच्या उंचीचं सूत्र निळ्या अक्षावरच्या मापाला बांधलेलं आहे, कारण पॅनेल उभं काढलंय. नवीन आलेल्या मुलाने असाच सल्ला कुठेतरी वाचला आणि साइड पॅनेलचे अक्ष 'नीट' केले. अक्ष त्या एका नगाचे नसतात, मूळ व्याख्येचे असतात, त्यामुळे त्या फाइलमधली सगळी पॅनेलं एका झटक्यात बदलली. पुढच्या वेळी उंची २१०० टाकली, तर पॅनेल २१०० जाड! स्क्रीनवर भिंत उभी राहिली.

अक्ष लावायचे तर सूत्रं लिहायच्या आधी. चालू लायब्ररीला हात लावू नका.

रंधा_आणि_माउस

मी 'कंपोनंट करतानाच' म्हटलंय, ते यासाठीच.

भोकपाडे

राउटरवाला बोलतोय, म्हणजे फाइलवरून यंत्राने कापणारा आणि भोकं पाडणारा. आमच्या टेबलावर पार्ट आडवा पडतो आणि निळा अक्ष म्हणजे स्पिंडल (फिरतं पातं धरणारा दांडा) खाली-वर जाण्याची दिशा. त्यामुळे जाडी निळ्यावर असली की फाइल निम्मी तयार. पण तुम्ही सगळे कुठला अक्ष कुठे यावरच भांडताय, त्याचं तोंड कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. कपाटाच्या साइडला आतून ५ मिमीची भोकं, ३२ मिमीच्या अंतराने, पुढच्या कडेपासून ३७ वर. निळा बाहेर तोंड करून असेल तर भोकं कपाटाच्या बाहेरून पडतात. आणि डावं पॅनेल आरशासारखं पलटवून उजवं केलंत, की लिस्टमध्ये 'नग २' दिसू शकतं. दोन्ही डावीच कापून येतात. पलटलेले पार्ट वेगळे मोजण्याची सोय आहे, ती चालू ठेवा.

गुण्या_काका

मुलगा वाचून दाखवतोय, त्याच्याकडून लिहून घेतोय. मी लाकडात काम करतो, प्लायमध्ये नाही. सहा सूतवाल्यांना एक विचारतो. देव्हाऱ्याच्या खांबाखाली बसणारा तुकडा. रुंदी ८० मिमी, उंची कुसवासकट (खाचेत बसणारी जीभ) ६५. तुमचं यंत्र लांबी ८० धरणार आणि ग्रेन आडवी टाकणार. मग कुसवात ग्रेन आडवी आली. खांब ठोकताना ते मुळातून मोडतं. तिथे लांबी ६५ च, मोठी असो की छोटी. आम्ही फळीवर पेन्सिलीने बाण काढतो, तो ग्रेनचा. तुमचा तो लाल अक्ष म्हणजे हाच बाण असेल, तर काढा की. हात दुखतो का?

सहा_सूत

काका, लाकडाच्या कामात हरलो. तिथे हाताने लावेन. वॉर्डरोबला मात्र आपोआपच, ते सोडणार नाही.

ओसरीतली_सुतारीण

काका, देव्हाऱ्याच्या कमानीला बाण कसा काढता? माझ्या खुर्चीच्या वाकड्या पाठीचा लाल अक्ष कुठे ठेवावा कळत नाहीये.

गुण्या_काका

कमान ज्या फळीतून काढायची त्या फळीवर बाण. आधी फर्मा फळीवर ठेवून फिरवून बघायचा. कमानीचं बारीक टोक आडव्या ग्रेनमध्ये येत असेल तर एका फळीत होणार नाही, तीन तुकडे जोडून करावी लागते. मग बाण तीन.

रंधा_आणि_माउस

म्हणजे कंपोनंटही तीन, आणि प्रत्येकाचा लाल अक्ष वेगळा. काका, त्या देव्हाऱ्याची फाइल असेल तर टाका ना इथे.

गुण्या_काका

फाइल कसली? सिमेंटच्या गोणीच्या कागदावर काढलंय. मुलगा उद्या फोटो टाकेल.