‘तुतारी’चं वृत्त कुठलं?

सड्यावरचा: लेकीला शाळेतून केशवसुतांच्या ‘तुतारी’ कवितेचं वृत्त (ओळींच्या लयीचा साचा) ओळखायला दिलंय, आम्ही त्यांच्या जन्मगावापासून, मालगुंडपासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि घरात कुणालाच येत नाही 😄 अक्षरं मोजली तर ‘एक तुतारी द्या मज आणुनि’मध्ये ११ आणि ‘फुंकिन मी जी स्वप्राणाने’मध्ये ९, मग हे बसतंय कसं?

वेंगुर्लेकर: अरे अक्षरां कित्याक मोजतंस, मात्रा मोज, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन! पादाकुलक आसा ता, ओळीक १६ मात्रा.

सड्यावरचा: मोजल्या हो, पण दुसरीत १५च येतायत.

जुनीवही: ‘स्व’ एक मात्रा धरलात ना? पुढे ‘प्रा’ जोडाक्षर आहे, त्याचा आघात मागे येतो म्हणून ‘स्व’ गुरू, म्हणजे दीर्घासारखा, दोन मात्रा, झाल्या १६. मोठ्याने म्हणून बघा, जीभ तिथे आपोआप अडते. आणि यमक पण बघायला सांगा तिला, पहिल्या कडव्यात मधल्या तीन ओळी ‘प्राणाने, गगने, किंकाळीने’ आणि पहिली-पाचवी ‘आणुनि, मजलागुनि’. मला तर वृत्तापेक्षा हेच भारी वाटतं, तीनदा ‘ने’ वर चढत जातं आणि मग परत मागणी!

वेंगुर्लेकर: शाळेत आमका ह्या कोणी सांगूकच नाय, नुसती पाठ करून घेतली 😀