पोटावरची चरबी आणि काठावरची साखर: मोजायचं काय, डब्यात न्यायचं काय?

कांदिवलीकर
वय ४२, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ७९ किलो, कंबर ९८ सेंमी. उपाशीपोटी साखर १०८, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. औषध कुठलंच नाही. जिममधल्या मशीनवर चरबी ३१ टक्के, घरच्या काट्यावर २६. खरं कुठलं? लोअर परळला ऑफिस. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, सुटल्यावर स्टेशनवर वडापाव, रात्री दहाला वरण-भात. भात पूर्ण बंद केल्यावर आठवड्यात अडीच किलो उतरलं, सुरू करताच परत आलं. सल्ला हवा.

मोजपट्टी
चरबीच्या आकड्यामागे लागू नका. दोन्ही यंत्रं अंगातून बारीक वीज सोडून पाण्यावरून अंदाज बांधतात. घरचा काटा बहुतेक पायांपुरतंच बघतो, म्हणून पोटाबद्दल त्याला फारसं कळत नाही. घाम, जेवण, व्यायाम, कशानेही आकडा हलतो. वापरायचाच तर एकच यंत्र, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आत.

भरवशाची ती शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर. बेंबीवर मोजू नका, पोट सुटलं की बेंबी खाली सरकते. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमीच्या आत राहायचं असतं.

नुसता बीएमआयही (उंचीच्या मानाने वजन) फसवतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

ते अडीच किलो बहुतांशी पाणी होतं. साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात बंद केला की हा साठा उतरतो, सुरू करताच परत भरतो.

कंबर, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब या पाचांतले तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे चार बिघडलेत आणि रक्तदाब लिहिलेलाच नाही. तो मोजा, एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणीही करून घ्या. यकृतात चरबी असायची शक्यता बरीच आहे.

ज्वारीची_भाकरी
भाताला दोष देऊ नका, तुमच्या दिवसभरात प्रथिनं फार कमी पडताहेत. तीन पोळ्या आणि बटाट्यात मिळून जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. तुम्हाला रोज ६५ ते ७० हवीत. ती न वाढवता नुसतं कमी खाल्लंत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात.

सकाळी पोहे निम्मे करा आणि सोबत दोन अंडी (१२ ग्रॅम). डब्यात दोन पोळ्या किंवा एक भाकरी, सुकी मटकी ४० ग्रॅम मोजून तिची उसळ (९ ग्रॅम), काकडी-टोमॅटो, वाटीभर दही. रात्री भात एक वाटी, वरण घट्ट, आणि बांगडा किंवा पनीर १०० ग्रॅम. मासे तव्यावर. रवा लावून तळलेत तर सगळं मुसळ केरात.

वडापावाचा प्रश्न स्टेशनवर सुटत नाही, तो सहा वाजता ऑफिसातच सोडवायचा. मूठभर भाजलेले चणे आणि बिनसाखरेचा चहा घेऊन निघा. रात्रीची भूकही आवरते.

तेल माणशी महिन्याला ६०० मिली. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा दोन महिने पुरला पाहिजे. महिन्यात संपत असेल तर बाकीचं पथ्य वाया.

परळचा_पाहुणा
१६ तास उपवास केला तर?

मोजपट्टी
चालेल, पण उपास सोडताना साबुदाणा खिचडी नको, ते जवळपास निव्वळ पिष्ट आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, साखर एकदम उतरते. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनंही विचारूनच वाढवा.

कांदिवलीकर, जेवण झाल्यावर लगेच पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर. लोकलमध्ये उभं राहणं व्यायामात धरू नका.

कांदिवलीकर
मनापासून आभार. परत तपासणी कधी?

ज्वारीची_भाकरी
तीन महिन्यांनी, एचबीएवनसीत साधारण तेवढाच काळ दिसतो. तोवर पाच-साडेपाच किलो उतरलं तर उत्तम. कंबर दर रविवारी लिहून ठेवा, वजन अडलं तरी ती उतरू शकते. रक्त देण्याआधी १२ तास उपाशी, आणि आदल्या दोन रात्री दारू नको, ट्रायग्लिसराइड फुगतं.