शाळेच्या इमारतीची सुरक्षा आणि सुगम्यता तपासणी एकाच संस्थेकडून करून घ्यावी का?

प्रश्न : व्यवस्थापन समिती सदस्य, डिचोली

नमस्कार. आमची अनुदानित माध्यमिक शाळा मूळ चिऱ्याच्या कौलारू इमारतीत आहे आणि तिला लागून नंतर बांधलेला दुमजली आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटचा) भाग आहे. गेल्या पावसाळ्यात या भागातील व्हरांड्याच्या स्लॅबचा गिलावा दोन ठिकाणी निखळला व गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. येत्या शैक्षणिक वर्षात व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी आठवीत येणार असल्यामुळे रॅम्प आणि प्रसाधनगृहाचीही सोय करावयाची आहे. एका संस्थेने एका दिवसात दोन्ही प्रमाणपत्रे देण्याचे आणि पुढील दुरुस्तीही स्वतःच करण्याचे दरपत्रक पाठवले आहे. दर परवडणारा आहे, परंतु समितीत एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : स्थापत्य अभियंता, फोंडा

सर्वप्रथम, गिलावा पडलेल्या भागाखालून मुलांची ये-जा आजच बंद करावी. गरज भासल्यास अभियंत्याच्या सल्ल्याने टेकू द्यावेत. जुलै 2025 मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेची इमारत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा अहवाल येईपर्यंत थांबून पाहू, ही भूमिका समितीने घेऊ नये.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, एका दिवसात आटोपत नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा नोंदवणे ही झाली सुरुवात. त्यानंतर काँक्रीटचा दर्जा अजमावण्यासाठी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी, सळयांच्या गंजासाठी हाफ-सेल ही विद्युत चाचणी आणि शंका असेल तेथे काँक्रीटचा गाभा काढून त्याची प्रयोगशाळेत तपासणी, असा क्रम असतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडल्यावर जो भाग गुलाबी होत नाही, तेथील काँक्रीटची सळयांना गंजापासून वाचवण्याची क्षमता संपलेली असते. ही साधी चाचणी आपल्या समितीसमोरच करून दाखवण्याचा आग्रह धरा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार तीव्र पावसाला उघड्या असलेल्या आरसीसी कामाला किमान एम 30 (मजबुतीची श्रेणी) दर्जाचे काँक्रीट आणि सळयांवर 45 मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन लागते, पण आपल्याकडच्या जुन्या व्हरांड्यांच्या सज्जांत कित्येकदा बोटाच्या पेराएवढेही आच्छादन आढळत नाही. तेथे गंज न काढता नुसता नवा गिलावा चढवला, तर तो काही पावसाळ्यांत पुन्हा पडतो.

जो तपासतो त्यालाच दुरुस्तीचे कंत्राट देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुरुस्ती किती लागेल हे ठरवणाऱ्याचा त्या दुरुस्तीच्या बिलाशी संबंध असता कामा नये. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थापत्य विभागाकडेही चौकशी करून पाहावी.

उत्तर : सुगम्यता लेखापरीक्षक, म्हापसा

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. अहवाल दोन असावेत, पण दोन्ही तपासनीसांनी जागेवर एकदा तरी एकत्र यावे. रॅम्पचा पाया कोठे येणार आणि प्रसाधनगृहाचा दरवाजा रुंद करण्यासाठी कोणती भिंत फोडावी लागणार, हे एकट्याने ठरवण्याचे विषय नाहीत.

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो. गोव्यात पावसामुळे जोते उंच ठेवण्याची पद्धत आहे. 900 मिलिमीटर उंचीच्या जोत्याला 1:12 या उतारानुसार (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) 10.8 मीटर लांबीचा उतार लागतो, शिवाय मध्ये सपाट टप्पा असतो तो वेगळाच. जागा वाचवण्यासाठी निम्म्या लांबीत उरकलेला रॅम्प मोटारसायकल चढवण्यासाठी उत्तम असतो, मुलीला मात्र तो स्वतःच्या बळावर चढता येत नाही. रॅम्पवर छप्पर नसेल, तर आषाढात त्यावर शेवाळ धरते आणि कठडा असूनही चाके घसरतात. प्रसाधनगृहात खुर्ची वळवण्यासाठी 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. अनेक शाळांत ही जागा कागदावर असते आणि प्रत्यक्षात तेथे झाडू, बादल्या व मोडकी बाके ठेवलेली असतात.

कायद्याविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार शैक्षणिक संस्थेची इमारत आणि परिसर सुगम्य असणे आवश्यक आहे, आणि कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत या अधिनियमाखालील नियम 2017 मध्ये लागू झाल्यापासून मोजली तरी केव्हाच उलटून गेली आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्यामुळे अहवालात नुसते 'सुगम्य आहे' एवढेच नको, मोजलेली मापे आणि छायाचित्रेही हवीत.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरी

एक मुद्दा राहिला. कुंभकोणमच्या शाळेत 2004 साली लागलेल्या आगीत 94 मुले दगावली, आणि त्यानंतर 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळांसाठी अग्निसुरक्षा व इमारतीच्या सुरक्षिततेचे निर्देश दिले. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी दुपारी कुलूप लागणारे जाळीचे दार आहे का, आणि आग लागल्यास ही विद्यार्थिनी बाहेर कशी पडणार, हेही तपासणीच्या कार्यकक्षेत लिहून घ्या. आठवीचा वर्ग तळमजल्यावर आणणे सोपे आहे, पण प्रयोगशाळा वर राहिली तर ही मुलगी आठवड्यातून दोनदा खालीच बसून राहील.

प्रश्नकर्ता

देव बरे करो. ते दरपत्रक आम्ही नाकारत आहोत. व्हरांडा काल दोरी बांधून बंद केला असून दोन स्वतंत्र अहवालांसाठी नवी दरपत्रके मागवू. मे महिन्याच्या सुट्टीत काम सुरू करता यावे म्हणून तपासणी मार्चपूर्वी आटोपण्याची अट त्यात घालत आहोत, आणि प्रयोगशाळा खाली आणण्याचा विषय पुढील बैठकीत पालक-शिक्षक संघापुढे ठेवणार आहोत.