तळलेले आर्टिचोक आतून कच्चे राहतात – मदत हवी आहे

ऋतुगंध: मी मिलानला राहते. शनिवारी पाहुणे येणार आहेत आणि रोमच्या ज्यू वस्तीत करतात तसे अख्खे आर्टिचोक (न उमललेल्या फुलाच्या कळीसारखी, पाकळ्यांची भाजी) तळायचे आहेत. बाहेरच्या पाकळ्या करपतात, गाभा कच्चा राहतो आणि तोंडात केसाळ तंतू येतात. कृपया लवकर सांगा.

तांबडीमाती: कोणत्या जातीचे आहेत आणि तेल किती तापवता, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

ऋतुगंध: भाजीवाल्याकडचे, टोकांना काटे असलेले. तेल पुरीसाठी तापवतो तितके.

तांबडीमाती: कारणे तिथेच आहेत. रोममध्ये लात्सियो प्रांतातले गोल, बिनकाट्याचे रोमानेस्को घेतात; त्यांत तो केसाळ भाग जवळजवळ नसतो, म्हणून ते अख्खे तळता येतात. राठ पाकळ्या काढून लिंबाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर काळे पडतात. मग पूर्ण कोरडे करून साधारण १४० अंशांच्या तेलात, देठाजवळ सुरी सहज शिरेपर्यंत तळा. निथळून गार झाल्यावर पाकळ्या उलगडा आणि १८० अंशांवर एक-दोन मिनिटे पुन्हा तळा.

जठराग्नी: तळताच कशाला? १०० ग्रॅम कच्च्या आर्टिचोकमध्ये सुमारे ४७ कॅलरी आणि ५ ग्रॅमांहून अधिक तंतुमय भाग असतो. त्यातले इन्युलिन आतड्यांतल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य आहे, पण काहींना त्याने पोट फुगते. तेलाने उष्मांक मात्र कितीतरी वाढतात, वाफवणेच उत्तम.

तांबडीमाती: त्यांनी वाफवण्याविषयी विचारलेले नाही. १५५५ पासून १८७० पर्यंत पोपच्या सत्तेने ज्यूंना रोममधल्या ज्या बंदिस्त वस्तीत (घेट्टोत) डांबले, तिथल्या स्वयंपाकाशी हा पदार्थ जोडलेला आहे. तळणे वगळले, तर तो पदार्थच उरत नाही.

पिंपळपार: मला तर पुदिन्यासारखी रानवनस्पती आणि लसूण भरून मंद आचेवर शिजवलेला रोमन प्रकारच अधिक आवडतो. शिवाय पाहुणे कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम, पाळतात का, ते विचारा; त्यांत कीटक वर्ज्य आहेत. पाकळ्यांत कीटक राहू शकतात म्हणून इस्राएलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मंडळाने २०१८ मध्ये अख्ख्या आर्टिचोकवर आक्षेप घेतला होता.

तांबडीमाती: रोमच्या ज्यू समाजाने तो आक्षेप मानला नाही, कारण तिथल्या आर्टिचोकच्या पाकळ्या घट्ट मिटलेल्या असतात आणि साफ करण्याची त्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

ऋतुगंध: पाहुणे कोशर पाळत नाहीत. इथे काटेरीच मिळाले तर काय करू?

तांबडीमाती: मग अख्खे तळण्याचा आग्रह सोडा. टोके छाटून उभे दोन भाग करा, केसाळ भाग चमच्याने खरवडून काढा आणि त्याच पद्धतीने दोनदा तळा. फुलाचा आकार येणार नाही, पण गाभा नक्की शिजेल.