स्टारच हवा असं काही नाही
"मोठा स्टार आणल्याशिवाय संघ वर येत नाही" हे म्हणणं अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या बाबतीत तरी टिकत नाही. २०१२ मध्ये त्यांनी जेमतेम ६९ सामने जिंकले होते. ऑगस्टमध्येच गोन्झालेझ, क्रॉफर्ड, बेकेट या खेळाडूंचे बोजड करार डॉजर्स संघाच्या गळ्यात घातले आणि हिवाळ्यात नेपोली, व्हिक्टोरिनो, गोम्स अशी दुसऱ्या फळीतली मंडळी कमी मुदतीवर घेतली. २०१३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलचं अजिंक्यपद, खिशात!

नेपोलीचा किस्सा तर भारीच. तीन वर्षांचे ३.९ कोटी डॉलर ठरले होते. तपासणीत खुब्याचं दुखणं निघालं आणि करार एका वर्षावर, ५० लाखांवर आला. नशीबही होतंच म्हणा. क्लोजर (आघाडी राखून सामना संपवणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) म्हणून आणलेला हॅनरहान मे महिन्यातच जायबंदी, मग त्याच्या जागी आलेला बेलीही बाजूला झाला, आणि ते काम आलं ३८ वर्षांच्या उएहारावर. सिरीजचा शेवटचा बळी त्यानेच घेतला.