पाण्याचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ का येतो?

स्लाइडवाली:
“छातीतल्या पाण्याची पेशीतपासणी म्हणजे पैशाची नासाडी, निगेटिव्हच येते, सरळ बायोप्सी करा.” कालच्या धाग्यातलं हे वाक्य वाचून राहवलं नाही. कॅन्सरमुळे फुफ्फुसाभोवती असं पाणी झालं असेल तर ढोबळमानाने दहातल्या सहा जणांचं निदान पाण्यातल्या पेशींवरून होतं. दुसऱ्यांदा पाठवलं की आणखी काही सापडतात. पण आमच्या लॅबमध्ये येतं काय? लिटरभर काढलेलं पाणी ओतून द्यायचं आणि पाच मिली लॅबला, तेही शनिवारी संध्याकाळी, फ्रीजबाहेर ठेवलेलं. सोमवारी स्लाइडवर नुसता पेशींचा चिखल. पन्नास-शंभर मिली द्या, तळाच्या गाळाचा सेल ब्लॉक करू, म्हणजे पेशी मेणात बसवून त्याच्या पातळ चकत्या काढू. त्यावर टीटीएफ-१ आणि पी४० ही रंगद्रव्यं लावून फुफ्फुसाचा कॅन्सर ॲडिनोकार्सिनोमा की स्क्वॅमस, यांपैकी कुठल्या प्रकारचा हे बहुतेकदा ठरतं, कॅन्सरच्या पेशी पुरेशा असतील तर त्याच ब्लॉकवर ईजीएफआर, एएलके या औषध ठरवायला लागणाऱ्या जनुक-तपासण्याही होतात. पाण्यासाठी २०२० ची आणि फुफ्फुसाच्या नमुन्यांसाठी डब्ल्यूएचओची २०२२ ची रिपोर्टिंग पद्धत आहे. दोन्हींत ‘अपुरा नमुना’ हा वेगळा गट आहे. अपुरा म्हणजे निगेटिव्ह नव्हे!

बाळू_सातारकर:
हे पेशंटला कोण सांगतं? माझ्या वडिलांच्या पाण्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) जरा वाढलेला आला, लगेच एकेटी, म्हणजे टीबीचे उपचार, सुरू. पेशीतपासणी ‘निगेटिव्ह’. कित्येक महिने टीबीच्या गोळ्या, भूक गेली, वजन गेलं, पाणी पुन्हा भरलं. शेवटी मुंबईत ईबसने (श्वासनलिकेतून दुर्बीण आणि सोनोग्राफीने) छातीतल्या गाठीची सुई-तपासणी झाली आणि ॲडिनोकार्सिनोमा निघाला.

घाटावरचा_डॉक्टर:
वाईट झालं, पण एका केसवरून सगळ्यांना धरू नका. आपल्याकडे ताप, पाण्यात लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि चाळीसच्या वर एडीए असला की बहुतेक वेळा टीबीच असतो. पाण्यात सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी, बऱ्याचदा निगेटिव्ह येतं. पुराव्यासाठी थांबलो तर पेशंट गावी निघून जातो. शहरातल्या लॅबमध्ये बसून हे कळायचं नाही.

बाळू_सातारकर:
वडील पासष्टीचे होते, जन्मभर बिडी ओढलेली, ताप एक दिवस नव्हता. कुठल्या हिशेबाने ‘बहुतेक’?

स्लाइडवाली:
डॉक्टर, शहर-गाव नका आणू. एडीए एम्पायमात (छातीत पू झाल्यावर) वाढतो, लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) वाढतो. आणि फॉर्मवर वय, बिडी, एक्स-रे यांपैकी काही नसतं. ‘फ्लुइड फॉर सायटॉलॉजी’ (पेशीतपासणीसाठी पाणी), बस्स. आम्ही अंदाज बांधायचे का?

घाटावरचा_डॉक्टर:
ओपीडीत दीडशे पेशंट असतात, मॅडम. फॉर्म कंपाउंडर भरतो.

कोल्हापूरकर_नाना:
मग कंपाउंडरलाच शिकवा की! माझ्या भावजयीची बाटलीच हरवली होती, पुन्हा सुई टोचली.

घाटावरचा_डॉक्टर:
ठीक आहे. वय जास्त, तंबाखू, ताप नाही, पाणी पुन्हा भरतंय, अशांना सायटॉलॉजी दोनदा केल्याशिवाय एकेटी देणार नाही, एवढं मान्य. बाकी टीबीबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे. आणि तुम्हीही ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ (लक्षणांशी ताळा डॉक्टरांनी घालावा) लिहून हात झटकू नका.

स्लाइडवाली:
अपुरा असेल तर अपुराच लिहीन, फोनही करीन. तुम्ही बाटली ताजी पाठवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

बाळू_सातारकर:
आणि पेशंटच्या माणसाला सांगा, की ‘निगेटिव्ह’ आलं तरी पाणी पुन्हा भरलं तर लगेच परत यायचं. आम्हाला कुणीच सांगितलं नाही.